आंदणातला कॉम्प्युटर

आमच्याकडे मुलीच्या लग्नात कोणी काय दिलं ते माइकवरून सांगतात. मुलीच्या थोरल्या मामाकडून कपाट. धाकट्या मामाकडून फ्रीज. अमुक काकांकडून मिक्सर. मांडवात एका बाजूला टेबलं लावून या सगळ्या वस्तू मांडतात, पाहुणे हात मागे बांधून त्यांच्यासमोरून फिरतात आणि कपाटाचा पत्रा जाड आहे की पातळ ते बोटांनी वाजवून बघतात. याला आंदण म्हणतात. मुलीला नव्या घरी उपयोगी पडावं म्हणून देतो, असं म्हणायची पद्धत आहे. अशा कित्येक लग्नांत मी जेवून आले आहे, आणि नवरीला ‘तुला काय पाहिजे’ असं विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मलाही कोणी विचारलं नाही. मीच सांगितलं. आई मटकी निवडत बसली होती. मी म्हणाले, मला कपाट नको, फ्रीज नको, डिनर सेट तर मुळीच नको. त्या सगळ्याच्या पैशात मला एक कॉम्प्युटर पाहिजे. गेम खेळायचा.

आईने मान वर न करता विचारलं, “लोकं काय म्हणतील?”

हा प्रश्न आमच्या घरात इतक्यांदा विचारला जातो की त्याला उत्तर द्यायची गरज असते हेच आम्ही विसरलो आहोत. मी हटले नाही.

तेव्हा मी नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होते. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्या फिरवायच्या, लघवीच्या बाटल्यांवर नंबर टाकायचे, आणि रिपोर्ट उशिरा मिळाला म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांचं ऐकून घ्यायचं. संध्याकाळी घरी आले की तासभर खेळायचं. बंदुकीचा खेळ, चौघांची टोळी. बाकीचे तिघे कोण, कुठले, मला माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. एवढं माहीत होतं की मी मागे नेम धरून बसलेली असले तर ते बिनघोर पुढे जातात. आमच्या नातेवाइकांपैकी कोणीही माझ्यावर एवढा विश्वास कधी टाकला नव्हता. पण ज्या कॉम्प्युटरवर मी खेळायचे तो भावाचा होता, आणि नोकरीसाठी पुण्याला जाताना तो घेऊन गेला. तेव्हापासून मी मोबाइलवर बोटं घासत बसायचे. त्याला खेळणं म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

लग्नानंतर लातूरला जायचं होतं. त्या घरातलं स्वयंपाकघर सासूबाईंचं असणार, हॉल सासऱ्यांचा असणार आणि बेडरूम नवऱ्याची असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. दिवसातला एक तास माझा आणि त्या तासात बसायला माझी एक जागा, एवढंच मला पाहिजे होतं. ती जागा मला या यंत्रात दिसत होती. नवऱ्याला मी बघायच्या कार्यक्रमातच सांगून टाकलं होतं की मी गेम खेळते. सरकारी नोकरी, नीट विंचरलेला भांग. त्याने विचारलं, “कसला?” मी म्हणाले, “बंदुकीचा.” तो म्हणाला, “हो का,” आणि पोह्यांत लिंबू पिळलं. आयुष्यभराच्या जोडीदाराचं मत या दोन शब्दांत उरकलं.

शेवटी आईनेच तोडगा काढला. म्हणजे तिला तो तोडगा वाटला. प्रत्येक नातेवाईक एक एक वस्तू देणारच आहे, तर त्याने कॉम्प्युटरचा एक एक भाग द्यावा. आणि लातूरच्या मंडळींना सांगायचं की मुलीला लॅबचे रिपोर्ट घरून टाइप करावे लागतात, त्यासाठी दिलाय. मी म्हणाले, खोटं कशाला? आई म्हणाली, “खेळायला कॉम्प्युटर दिला म्हणून सांगू का मी व्याह्यांना? तोंड हाय का मला?” मी मान डोलावली. वस्तू मिळत होती.

भाग निवडायला मी आणि थोरले मामा गेलो. थोरले मामा नांदेडलाच असतात, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत, आणि दीड वर्षापूर्वी मोठ्या स्क्रीनचा मोबाइल घेतल्यापासून ते कॉम्प्युटरमधले जाणकार झालेत. घरात कोणालाही काहीही घ्यायचं असलं की जाणकार सोबत न्यावा लागतो. बैल घ्यायचा असो, जावई बघायचा असो की टीव्ही. जाणकार म्हणजे ज्याला त्यातलं काही कळत नाही पण घासाघीस करताना ज्याचा आवाज चढतो असा पुरुष.

दुकानदाराने मामांना खुर्ची दिली, मला दिली नाही. “बोला साहेब. पोरासाठी घ्यायचाय का?”

“पोरीसाठी,” मामा म्हणाले.

“असं का. मग अभ्यासाचा दाखवतो.”

मी मला काय पाहिजे ते सांगितलं. ग्राफिक्स कार्डावर सगळ्यात जास्त पैसे, कारण खेळाचं चित्र तेच रंगवतं. त्याच्या जोडीचा प्रोसेसर, म्हणजे एकाला दुसऱ्यासाठी थांबायला नको. वीज नीट पुरवणारं एसएमपीएस, कारण आमच्या भागातली वीज कशी येते-जाते ते वेगळं सांगायला नको. बाकी कॅबिनेट म्हणजे पत्र्याचा डबा, त्याला पुढून भरपूर भोकं असली की झालं. मॉनिटर मध्यम. दुकानदाराने हे सगळं ऐकलं आणि मामांना म्हणाला, “साहेब, ह्यापेक्षा मी एक सेट देतो. लई भारी. लाइटच लाइट.”

मग त्याने जे जे दाखवलं त्यात ‘गेमिंग’ हा शब्द होता. गेमिंग माउस, गेमिंग खुर्ची, गेमिंग पायपुसणंही असेल आत कुठेतरी. हैदराबादहून आलेलं एक जुनं ग्राफिक्स कार्ड त्याने फडक्याने पुसून पुढे केलं. “आठ जीबीचं हाय साहेब. तुमची भाची म्हणून राहिली ते सहा जीबीचं. दोन जीबी जास्त मिळून राहिलेत तुम्हाला.” जणू जीबी म्हणजे तूर, आणि हा तराजूत वरून मूठभर जास्त टाकत होता. कार्डाचा वेग जीबीवर मोजत नाहीत, हे मी सांगितलं. त्यावर दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मध्येच खोकले होते.

“आठ मोठे की सहा?” मामांनी मला विचारलं. इतक्या वर्षांच्या सरकारी सेवेनंतर त्यांना हा आकडेमोडीचा मुद्दा बिनतोड वाटत होता.

मी ते कार्ड घेऊ दिलं नाही. मला पाहिजे ते कार्ड आणि एसएमपीएस मी नंतर माझ्या पगारातून घेतलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तसंही ते दोन्ही भाग द्यायला कोणीच तयार नव्हतं. कारण साधं होतं. ते आत जातात. मांडवात दिसत नाहीत.

पुढचा प्रकार तर सांगायला नको इतका हास्यास्पद आहे, म्हणून सांगते. थोरल्या मामांनी जाहीर केलं की मॉनिटर मी देणार. “मॉनिटर म्हणजेच कॉम्प्युटर की. बाकी समदं त्येच्या मागचं वायरिंग.” त्यांनी सगळ्यात मोठा घेतला, पुढून वाकलेला, टीव्हीएवढा. इतक्या मोठ्या पडद्यावर इतकं कमी चित्र पसरलं की ते भुरकट दिसतं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. पण माइकवर बोलताना भुरकट दिसत नाही. तिथे इंच ऐकू येतात.

धाकटे मामा अर्धापूरला केळी करतात. थोरल्या मामांशी त्यांचं एका प्लॉटवरून बोलणं बंद आहे. थोरल्याने मॉनिटर दिला हे त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी कॅबिनेट आणलं. तिन्ही बाजूंनी काच, आत रंग बदलणारे पंखे, कडेने लाइटची पट्टी. पुढून हवा जायला बोटभर फट नाही. या माणसाचं केळी पिकवायचं स्वतःचं गोदाम आहे. बंद खोलीत हवा कोंडली की माल कसा काळा पडतो यावर हे तासभर बोलू शकतात. मी म्हणाले, “मामा, मे महिन्यात ह्याच्यात आतले भाग भाजून निघतील.”

“मग मे महिन्यात बंद ठेव की. लग्न तर फेब्रुवारीत हाय.”

हे वाक्य त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं. कॉम्प्युटर एका दिवसापुरता लागणार होता, आणि तो दिवस लग्नाचा होता. त्यानंतर मी त्यात केळी पिकवली असती तरी त्यांची हरकत नव्हती. मदरबोर्ड, रॅम वगैरे आई-बाबांनी घेतलं आणि फार बोभाटा केला नाही. राहिला प्रोसेसर.

प्रोसेसर आत्याने घेतला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मुदखेडजवळच्या खेड्यात एकटी राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे, दातांना चोवीस तास मिश्री आणि तोंडात कायम कोणाची तरी उणीदुणी. तिच्याबद्दल कोणी गळा काढून बोलू नये. कोणाच्याही लग्नात भाजी खारट होती हे ती नवरीला स्वतः जाऊन सांगते. सगळ्यांनी आपापलं दिसणारं उचलल्यावर ती माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, “आता काय उरलं गं माझ्या नशिबाला?”

मी मोबाइलवर चित्र दाखवलं. तळहाताच्या मधोमध मावेल एवढी चौकोनी वस्तू, वरून चकचकीत.

“एवढुसंच? आन काय करतंय हे?”

“समदा हिशोब हेच करतंय, आत्या. मी बटण दाबलं की गोळी कुठं जायची, समोरचा मेला की जिता, सगळं.”

“मग हेच देते. बाकीच्यांचं नुसतंच बारदान हाय.”

मला तिचं ते बोलणं आवडलं होतं, हे नाकारत नाही. ती माझ्यासोबत दुकानात आली, चोळीतून पैसे काढले, दुकानदाराने पुन्हा लाइटचं काहीतरी दाखवायला घेतलं तर त्याला म्हणाली, “तुझ्या घरी लाव ते.” डबी मात्र तिने माझ्याकडे दिली नाही. आंदणाची वस्तू देणाऱ्याने स्वतः मांडवात घेऊन यायची असते, असा तिचा हट्ट. ती डबी पिशवीत घालून मुदखेडला घेऊन गेली. मी अडवायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, बंद डबीत ती काय करणार आहे?

लग्नाच्या आठवड्यात ती आली. डबी काढून माझ्या हातात देताना तिचा चेहरा असा होता की मला तेव्हाच शंका आली. मी उघडली. प्रोसेसरच्या चकचकीत पत्र्यावर, बारीक ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत, कोरलं होतं: आत्याकडून भेट.

आमच्याकडे आंदणाच्या भांड्यांवर नाव टाकायची पद्धत आहे. कळशी असो, परात असो, भांड्यांच्या दुकानातला माणूस एका कर्कश सुईच्या मशीनने देणाऱ्याचं नाव त्यावर कोरून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. आत्या प्रोसेसर घेऊन मुदखेडच्या भांड्यांच्या दुकानात गेली होती. त्या महाभागाने तो लाकडाच्या पाटावर ठेवला, वरून अंगठ्याने गच्च दाबून धरला आणि मशीन चालवलं. मी वस्तू उलटी केली. खालच्या बाजूला केसासारख्या बारीक पिनांच्या दाट ओळी असतात, मदरबोर्डाच्या भोकांत बसणाऱ्या. एक आख्खा कोपरा दबून आडवा झाला होता.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही, आई अजून वाचते. एवढंच की दोन्ही मामांवर जेवढी आग साचली होती ती सगळी त्या एका बाईवर निघाली. त्यांच्यासमोर तोंडाला कुलूप होतं, कारण ते पुरुष आणि मानपानवाले. आत्या पदर सावरत ऐकत राहिली.

“एवढं नाजूक असतंय तर दुकानात सांगायचं होतं त्या माणसानं,” ती म्हणाली.

“पण नाव टाकायचं कशाला? हे आत जातंय, आत्या! त्याच्यावर पंखा बसतोय. जन्मात कोणाला दिसणार न्हाई!”

“कोणाला दाखवायला टाकलंय?” आता तिचाही आवाज चढला. “माझ्या आंदणातल्या परातीवर नाव न्हवतं. नणंदेनं नेली. मी म्हणलं माझी हाय, तर म्हणली नाव दाखव. तवापासून मी बिगर नावाचं कोणाला काही दिलं न्हाई. आन मी देत बी नसते.”

तिला पश्चात्ताप नावाचा प्रकार झाला नाही. ती उठली आणि चहात साखर कमी आहे म्हणून आईशी भांडायला आत गेली.

दुकानदाराने प्रोसेसर बघितला आणि आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, वॉरंटी गेली, हे आता फेकून द्या, नवा घ्या. नव्याला पैसे नव्हते. माझ्याकडचे कार्डात गेले होते आणि आईकडचे मांडवात. मी ती वस्तू लॅबमध्ये नेली, भिंगाखाली धरली आणि इंजेक्शनच्या बारीक सुईने एक एक पीन उभी करत बसले. ज्या हाताने दिवसभर लोकांच्या शिरा शोधायच्या त्याच हाताने. बहुतेक सगळ्या उभ्या राहिल्या. एक तुटून पडली. मी सगळे भाग जोडले, बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला. चालू झाला. पण दोन रॅम लावल्या होत्या त्यातली एकच त्याला दिसत होती. तुटलेल्या पिनेने अर्धी स्मरणशक्ती नेली होती. लंगडत का होईना, चालत होता. लग्न दोन दिवसांवर होतं आणि माझ्यात आणखी चिडायची ताकद नव्हती.

लग्न मंगल कार्यालयात. पाहुण्यांच्या वाटेवर आंदणाची टेबलं, आणि टेबलांच्या मधोमध माझा कॉम्प्युटर. जनरेटरच्या विजेवर मी तो चालू करू देणार नाही असं आधीच बजावलं होतं. धाकट्या मामांनी त्यावर उपाय काढला. लाइटची पट्टी सोडवून मोबाइलच्या चार्जरला जोडली. आतलं सगळं बंद आणि बाहेर लाल-निळे-हिरवे दिवे चमकतायत. लोकं समोर उभी राहून फोटो काढत होती. एक जण म्हणाला, “लई फास्ट दिसून राहिला.” कॉम्प्युटर बंद होता.

बुद्धवंदना व्हायला अवकाश होता. पाहुण्यांपैकी कोण आलं, कोण यायचं, या घोषणा चालू होत्या, आणि माइक थोरल्या मामांच्या हातात होता. माइक एकदा त्यांच्या हातात गेला की तो काढून घ्यायला पोलीस बोलवावे लागतील. मी पांढऱ्या साडीत स्टेजवर मागच्या खुर्चीत बसले होते, शेजारी नवरदेव. आंदण वाचायला सुरुवात झाली. स्वतःचा मॉनिटर त्यांनी इंचांसकट दोनदा सांगितला. धाकट्या मामांचं कॅबिनेट एका दमात, पुटपुटल्यासारखं उरकलं. मग त्यांनी आवाज लावला.

“तर असा हा अत्याधुनिक संगणक, आपल्या नवरदेवांच्या ऑफिसच्या कामासाठी, तसंच आपल्या मुलीला लॅबचं ऑनलाइन काम घरी करता यावं, म्हणून आम्ही सर्व नातेवाइकांनी मिळून...”

नवरदेवांच्या ऑफिसच्या कामासाठी. हे आईच्या खोट्यातही नव्हतं. हे मामांनी तिथल्या तिथे घातलं होतं, कारण वाक्य भरदार व्हायला नवरदेव पाहिजेच. मला समोर लातूरचं घर दिसलं. बेडरूममध्ये माझं टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि त्यासमोर नीट भांग पाडलेलं डोकं. किंवा मीच, कोणाचे तरी रिपोर्ट टाइप करताना, कारण ते न करता बसले तर सासूबाई विचारणार, आज काम नाही का? माझी जागा माइकवरून दुसऱ्याला देऊन झाली होती. उठून बोलायला मला फक्त तोंड उघडायचं होतं. नवरीने तोंड उघडायचं नसतं, आणि मी, जी या सगळ्या मंडळींना कवडीची किंमत देत नव्हते, ती साडीच्या निऱ्या धरून बसून राहिले.

“ओ पाव्हणं!”

बायकांच्या बाजूने आवाज आला. आत्या उभी होती. “ओ, खोटं कशाला सांगून राहिलात माइकवर? कामाला न्हाई दिला. पोरीला खेळायला दिलाय.”

मांडव हसला. मामा हसले आणि माइकमध्ये म्हणाले, “आमच्या ताई गमतीशीर आहेत...”

“गंमत न्हाई. मी पैसे घातलेत त्यात.” तिला माइकची गरजच नव्हती. “कामालाच द्यायचं असतं तर मी परात दिली असती. लई स्वस्तात पडली असती मला.”

हसणं थांबलं. आईने डोळे मिटून घेतले होते. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या वळल्या, आधी आत्याकडे बघितलं, मग स्टेजवर माझ्याकडे. एवढ्या माणसांत त्यांनी मलाच विचारलं, “खेळायला?”

नवरदेवाला सगळं माहीत होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो स्वतःच्या फेट्याचा शेमला बघत होता.

“हाव,” मी म्हणाले. “खेळायला.”

आवाज फाटला माझा. पण माइक मामांच्या हातात होता आणि मामा माझ्याजवळ उभे होते, त्यामुळे तो शब्द आख्ख्या कार्यालयाला ऐकू गेला, पार जेवणाच्या पंगतीपर्यंत. त्यानंतर मामांनी घाईघाईने मिक्सर वाचला.

लातूरला आल्यावर मी टेबल लावलं, काच काढून ठेवली म्हणजे हवा खेळेल, लाइटची पट्टी उपटून टाकली. भुरकट पडद्यावर, अर्ध्या स्मरणशक्तीवर, सगळी चित्रं कमीत कमी करून माझा खेळ चालतो. गर्दीत शिरलं की अडखळतो. नवऱ्याने एकदा विचारलं, नवा प्रोसेसर घेऊ या का? मी म्हणाले, बघू. या माणसाने मांडवात शेमला बघितला होता ते मी विसरलेली नाही, आणि त्याच्या पैशाचा भाग मला त्यात नको आहे. रोज संध्याकाळी इथल्या नव्या लॅबमधून येते आणि तासभर बसते. टोळीतले तिघे पुढे जातात. मी मागे असते.

एकदा सासूबाईंकडे शेजारची बाई आली होती. बेडरूमचं दार उघडं होतं, माझ्या कानांवर हेडफोन होता पण एका बाजूने सरकलेला. बाई म्हणाली, “सूनबाई लई कामाच्या दिसतात हो. घरी येऊन बी कॉम्प्युटरवरच.”

मी हात थांबवला. इथे सासूबाईंना आईने लावून दिलेलं खोटं आयतं मिळालं असतं, लाज झाकायला. एका शब्दाचं काम होतं.

“काम कशाचं,” सासूबाई म्हणाल्या. “खेळती ती.”

त्या ‘खेळती’त तुच्छता इतकी ठासून भरली होती की मी आजवर कोणाबद्दलही तेवढी भरू शकले नसेन. बाईने चुकचुक केलं. सासूबाईंनी चहाचे कप उचलले. दार कोणी लावून घेतलं नाही, मला हाक मारली नाही, आणि मी हेडफोन सरळ करून खेळत राहिले.